बातमीच्या वाटेवरची सहल

शालेय पत्रकारिता सहल म्हणजे बातमी जिथे घडते, जिथे लिहिली जाते आणि जिथे छापली जाते अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना नेऊन, पाहिले-ऐकलेले त्यांच्याकडूनच लिहून घेणारी क्षेत्रभेट. किल्ला किंवा लेणी पाहायला निघालेली मुले पाहुणी असतात. इथे ती वही-पेन घेऊन कामाला निघतात. वर्तमानपत्राचे कार्यालय हे या सहलीचे ठळक ठिकाण असले, तरी बाजार समितीतला लिलाव, ग्रामसभा, आकाशवाणी केंद्र, जिल्हा माहिती कार्यालय आणि जुन्या कागदपत्रांचे संग्रह हीसुद्धा तिची ठिकाणे आहेत. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ रोजी निघाला. तो दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, आणि शाळांना अशा भेटीसाठी एक सोयीचे निमित्त मिळते.

अभ्यासक्रमात या विषयाला आधीच जागा आहे. दहावीच्या मराठी कुमारभारतीत उपयोजित लेखनाखाली बातमीलेखन येते, बारावीच्या युवकभारतीत वृत्तलेख, मुलाखत आणि अहवाल येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना मांडली आहे. अडचण एवढीच की परीक्षेतली बातमी ठरलेल्या साच्यातून निघते. वृक्षारोपण असो की स्नेहसंमेलन, प्रमुख पाहुणे दोन शब्द बोलतात, आभारप्रदर्शन होते आणि कार्यक्रम मोठ्या उत्साहात पार पडतो. या बातमीत कोणाला काही विचारावे लागत नाही, कारण सगळी माहिती प्रश्नपत्रिकेतच दिलेली असते. सहलीचा पहिला उपयोग इथे होतो. माहिती कोणी हातात देत नाही, ती मिळवावी लागते, आणि मिळालेली प्रत्येक गोष्ट खरी असतेच असे नाही, हे मुलांना अनुभवातून कळते.

पिंपळनेरसारख्या गावातून निघणाऱ्या सहलीला याशिवाय एक वेगळा अर्थ आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले, पांझरा नदीच्या वरच्या अंगाला वसलेले हे बाजारपेठेचे गाव. इंग्रजी अमदानीतल्या जुन्या खानदेश जिल्ह्यात एक तालुकाच पिंपळनेरच्या नावाने होता. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आणि आदिवासी पाडे, दक्षिणेला बागलाण, डोंगरापलीकडे गुजरातचा डांग. धुळे हे जिल्ह्याचे ठिकाण साक्री, नेर, कुसुंब्यामार्गे सुमारे ७५ ते ८० किलोमीटरवर. मोठ्या दैनिकांचे अंक इथे पहाटेच्या गाडीने येतात आणि गावच्या बातम्या त्याच रस्त्याने उलट्या जातात. एके काळी त्या एसटीच्या वाहकाकडे दिलेल्या पाकिटातून जात, मग फॅक्सने, आता मोबाइलवरून. म्हणजे इथला विद्यार्थी रोज वाचतो ते दुसरीकडे जुळवलेले आपल्या गावाचे चित्र असते. ते कोण जुळवते आणि त्यातले काय गळते, हे बघण्याची संधी या सहलीत मिळते.

खानदेशात शाळा आणि वृत्तपत्र यांचे नाते नवे नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. पुढे १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक निघाले आणि १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक. राज्यभर वाचल्या गेलेल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाची सुरुवात वसतिगृहाच्या हस्तलिखितात झाली होती. १९२० च्याच दशकात फ्रान्समधल्या एका खेड्यात सेलेस्तँ फ्रेने हा शिक्षक मुलांना गावात फिरायला नेत असे. परतल्यावर मुले पाहिलेले लिहीत आणि १९२४ पासून वर्गातल्या छोट्या छापयंत्रावर खिळे जुळवून ते छापत. हे मजकूर दुसऱ्या शाळांना पाठवले जात आणि त्यांचे मजकूर इकडे येत. आपले लिहिणे अनोळखी माणूस वाचणार आहे हे कळले, की मूल शब्द तपासून वापरते, असा या प्रयोगांचा अनुभव आहे.

सहल धुळ्याला गेली की या परंपरेच्या दोन खुणा वाटेत भेटतात. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि तिथेच कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. आज ‘गीता प्रवचने’ म्हणून घरोघरी असलेले पुस्तक त्या टिपणांतून उभे राहिले. बोलणाऱ्याच्या वेगाने लिहिणे आणि लिहिताना आपले काही न मिसळणे, या कौशल्याचे याहून चांगले उदाहरण जिल्ह्यात नाही. दुसरी खूण राजवाडे संशोधन मंडळाची. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली कागदपत्रे सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये हे मंडळ स्थापन झाले. अस्सल कागद आणि त्याची नक्कल यांत राजवाड्यांनी जो फरक केला, तोच बातमीदाराला प्रत्यक्ष पाहणारा आणि ऐकून सांगणारा यांत करावा लागतो.

सहलीची तयारी गावातच सुरू होते. त्यासाठी कांद्याच्या लिलावासारखी जागा नाही. ट्रॅक्टर ओळीने उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो, कोणी मूठभर कांदे उचलून दाबून बघतो, बोली चढते आणि क्षणात पुढच्या ट्रॉलीवर जाते. समजा, एका विद्यार्थ्याने वहीत लिहिले : ‘आज कांद्याला अठराशे रुपये भाव मिळाला.’ वाक्य खोटे नाही, पण तो भाव एकाच ट्रॉलीला मिळालेला असू शकतो. बाजार समितीच्या फळ्यावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात, आणि ते क्विंटलचे असतात. कमाल दराचा मथळा वाचून शेतकरी दुसऱ्या दिवशी माल आणतो आणि सर्वसाधारण दर हातात पडला की चिडतो. आकडा लिहिताना तो कशाचा, किती जणांचा आणि कोणत्या मापाचा हे सोबत लिहायचे असते. हा धडा गणिताच्या तासापेक्षा इथे लवकर पटतो.

दुसरी तयारी वर्तमानपत्र वाचण्याची. एकाच दिवसाचे तीन वेगवेगळ्या दैनिकांचे अंक समोर ठेवून एकच बातमी शोधली, की मुलांच्या लक्षात बऱ्याच गोष्टी येतात. एकात ती पहिल्या पानावर चार स्तंभांत असते, दुसऱ्यात आतल्या पानावर एका स्तंभात, तिसऱ्यात लागलेलीच नसते. कोणी उपस्थितांची नावे पूर्ण छापलेली असतात, कोणी ‘आदी मान्यवर’ म्हणून उरकलेली असतात. जखमींचा आकडाही कधी कधी जुळत नाही. या फरकांतूनच कार्यालयात विचारायचे प्रश्न तयार होतात. ‘तुम्ही पत्रकार कसे झालात?’ या प्रश्नाला भाषण मिळते. ‘ही बातमी तुमच्याकडे एक स्तंभ का?’ या प्रश्नाला उत्तर मिळते.

कार्यालयात पोहोचल्यावर बहुतेक शाळांचा एक अपेक्षाभंग ठरलेला असतो. शाळेची सहल दिवसा जाते आणि दैनिकाचे काम सूर्य मावळताना भरात येते. सकाळी अकराला पाहायला गेलेल्या मुलांना थंड पडलेले छापयंत्र आणि रिकाम्या खुर्च्या दिसतात. छपाई दुसऱ्या शहरात होत असेल, तर यंत्रही दिसत नाही. त्यामुळे भेट दुपारी चारनंतर ठेवणे बरे. तेव्हा तालुक्यांच्या बातम्या येऊ लागलेल्या असतात, जाहिरात विभागाने पानांवरची आपली जागा अडवलेली असते आणि उरलेल्या जागेत काय बसवायचे याची बोलणी चाललेली असतात. बातमीला मिळणारी जागा ही जाहिरातीतून उरलेली जागा असते, ही गोष्ट मुलांना पाठ्यपुस्तकातून कळत नाही. कोऱ्या पानाचा आराखडा, म्हणजे डमी, पाहिला की एका नजरेत कळते.

एकाच बातमीचा माग काढला तर सगळे काम समजते. पावसाळ्यात पिंपळनेरजवळचे लाटीपाडा धरण भरते तेव्हा वार्ताहराकडून मजकूर येतो. समजा, त्याची सुरुवात अशी आहे : ‘यंदा वरुणराजाने कृपादृष्टी केल्याने परिसरातील शेतकऱ्यांची जीवनदायिनी असलेले लाटीपाडा धरण ओसंडून वाहू लागल्याने बळीराजा सुखावला आहे.’ उपसंपादक वरुणराजा, जीवनदायिनी आणि बळीराजा काढतो. मग फोन करून विचारतो : धरण कधी भरले, सांडव्यावरून पाणी किती जाते, हे पाटबंधारे खात्याच्या कोणी सांगितले, खालच्या गावांना इशारा दिला का? उत्तरे आल्यावर पहिले वाक्य उरते ते एवढेच : ‘लाटीपाडा धरण रविवारी पहाटे पूर्ण भरले असून सांडव्यावरून पांझरा नदीत पाणी वाहू लागले आहे.’ शब्द कमी झाले आणि माहिती वाढली. मथळा, उपमथळा, गावाचे नाव आणि श्रेय जोडून मजकूर पानावर बसतो. पान तपासून सोडले जाते, त्याची प्लेट बनते आणि निळा, किरमिजी, पिवळा, काळा अशा चार शाईंचे ठसे एकावर एक बसून रंगीत चित्र उमटते. छापील पानाच्या कडेला दिसणारे चार रंगांचे बारीक ठिपके कशासाठी असतात, ते मुलांना इथे उमगते. लांबच्या गावांचे अंक आधी छापून गाडीला लागतात आणि शहराचे शेवटी. म्हणून रात्री उशिरा घडलेली घटना धुळेकराला सकाळी वाचायला मिळते, पिंपळनेरकराला ती दुसऱ्या दिवशीच्या अंकात सापडते.

याच बातमीतून आणखी एक गोष्ट उघड होते. पांझरा पिंपळनेरकडून अक्कलपाड्याच्या धरणातून पुढे धुळे शहराच्या मधून वाहते. लाटीपाड्याच्या शेतकऱ्यासाठी ही बातमी रब्बीच्या पाण्याची. धुळ्यात नदीकाठी राहणाऱ्यासाठी पुराची. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून पाट काढून पाळीपाळीने फडांना पाणी देण्याची जुनी पद्धत ज्या गावांत होती, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारले तर तिसरीच बातमी निघते. कोणासाठी लिहायचे हे ठरल्याशिवाय पहिले वाक्य ठरत नाही.

अंकाच्या शेवटच्या पानावर तळाला बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, छपाईचे ठिकाण आणि नोंदणी क्रमांक असतो. सहसा कोणी वाचत नाही अशी ही ओळ १८६७ च्या कायद्याने सुरू झालेल्या रिवाजातली. छापलेल्या शब्दाला उत्तर देणारा एक माणूस आहे आणि त्याचा पत्ता वाचकाला माहीत आहे, एवढे ती सांगते. मोबाइलवर पुढे ढकललेल्या संदेशाच्या तळाला अशी ओळ नसते.

साक्री तालुक्यात हा फरक पुस्तकी राहिलेला नाही. १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, पिंपळनेर पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. त्याआधी काही आठवडे मुले पळवणाऱ्या टोळीचे संदेश मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपलीकडे पुढे पाठवता येणार नाही, अशी मर्यादा घातली. या परिसरातल्या शाळेने पत्रकारितेची ओळख करून देताना ही घटना टाळणे अवघड आहे आणि टाळण्याचे कारणही नाही. कार्यालयातल्या साध्या रिवाजाने तो संदेश तपासला असता, तर तीन प्रश्न विचारले गेले असते : कोणत्या गावचे मूल पळवले, त्याच्या आईबापांशी कोण बोलले, आणि पोलिसांत तक्रार दाखल आहे का? तिन्हींना उत्तर नसेल तर बातमी लागत नाही. हे तीन प्रश्न विचारायला ओळखपत्र लागत नाही की छापखाना. आठवीतल्या मुलालाही ते विचारता येतात. सहलीतून घरी नेण्यासारखे हे सर्वांत मोलाचे सामान आहे.

न छापण्याचाही एक रिवाज मुले इथे शिकतात. गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा गुन्ह्यात सापडलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई आहे. लैंगिक गुन्ह्यांबाबत २०१२ चा पॉक्सो कायदाही तेच सांगतो. नाव गाळले, पण शाळा, वर्ग आणि वडिलांचा व्यवसाय लिहिला, तर लहान गावात ओळख पटायला वेळ लागत नाही. पिंपळनेरच्या मुलांना हे शहरातल्या मुलांपेक्षा चटकन समजते, कारण त्यांच्या गावात कोण कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असते.

भाषेचा प्रश्न या भागात विशेष आहे. घरी अहिराणी, पश्चिमेच्या पाड्यांवर कोकणी, मावची किंवा भिली, शाळेत प्रमाण मराठी. मुलाखत एका भाषेत होते आणि बातमी दुसरीत छापली जाते. बाजारात भेटलेली बाई ‘मनी आंडेर’ म्हणते तेव्हा ती आपल्या मुलीबद्दल बोलते आहे, हे पुण्यात बसलेल्या उपसंपादकाला कळणार नाही. पिंपळनेरच्या मुलीला ते सांगावे लागत नाही. ‘आला’ म्हणायला ‘उना’ म्हणणाऱ्या माणसाचे बोलणे मराठीत आणताना त्याचा अर्थ तर राहायला हवा आणि ढंगही. म्हणून वहीत आधी बोलणाऱ्याचेच शब्द उतरवून घ्यावेत, मराठी नंतर करावे आणि शक्य तिथे ते त्याला वाचून दाखवावे. घरची बोली ही वार्तांकनात अडचण नसून हाताशी असलेले साधन आहे, ही जाणीव अनेक मुलांना पहिल्यांदा अशा सहलीत होते. ज्या मुलाला वर्गात शुद्धलेखनासाठी बोलणी बसतात, तोच मुलाखतीच्या वेळी सगळ्यांना लागतो.

सहलीच्या मर्यादाही मांडून ठेवायला हव्यात. एका दिवसाच्या भेटीत कार्यालय आपली चांगली बाजू दाखवते. ग्रामीण वार्ताहर बहुधा अंकांचा एजंट आणि जाहिराती गोळा करणाराही असतो, त्याला मिळणारे मानधन तुटपुंजे असते, आणि ज्याची जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध लिहिणे त्याला जड जाते, हे कोणी आपणहून सांगत नाही. शिक्षकांनी गावातल्या वार्ताहराला आधीच वर्गात बोलावले, तर या गोष्टी मोकळेपणी बोलल्या जातात. दुसरी मर्यादा आकर्षणाची. गाडीवर ‘प्रेस’ लिहिण्याची आणि माइक पुढे धरण्याची हौस लवकर लागते. चार वेळा फोन करून एक आकडा पक्का करण्याची लागत नाही. त्यामुळे मुले किती ठिकाणी गेली याला फारसा अर्थ नाही. प्रत्येकाने किती माणसांना विचारले, हा हिशेब जास्त खरा.

परतल्यावरचे काम हा सहलीचा उत्तरार्ध. त्यासाठी छापील अंकाची गरज नाही. कार्डशीटवरचे भित्तिपत्रक पुरते. वर्गाचे गट पाडून बातमीदार, उपसंपादक, चित्रे काढणारे आणि तपासनीस नेमले, की कार्यालयात पाहिलेली साखळी पुन्हा उभी राहते. ओळी मोजून दिल्या आणि वेळ बांधून दिली, तर काय ठेवायचे व काय गाळायचे यावर भांडणे होतात. ती होऊ द्यावीत, कारण संपादन त्यातूनच शिकले जाते. शिक्षकाने मजकूर स्वतः सुधारून दिला तर अंक देखणा होतो आणि मुलांच्या हाती काही लागत नाही. अंकाला एक जबाबदार संपादक असावा आणि त्याचे नाव तळाच्या ओळीत असावे.

चूकदुरुस्तीची जागा मात्र प्रत्येक अंकात राखून ठेवावी. भित्तिपत्रक लागले की दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन सांगतोच : त्या दिवशी लिलावात ट्रॉल्या चाळीस नव्हत्या, आडनाव चुकले आहे, ते आजोबा असे म्हणालेच नव्हते. अशा वेळी लिहिणाऱ्याने वही उघडायची. वहीत नोंद असेल तर ती दाखवायची. नसेल तर पुढच्या अंकात, त्याच जागी, चूक काय होती आणि बरोबर काय आहे ते लिहायचे. सहलीचे मूल्यमापन करायचे झाले तर निबंध किंवा छायाचित्रे मागवण्यापेक्षा या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात : लिलावाच्या गर्दीत उभ्याने घेतलेली टिपणे आणि त्यांवरून लिहिलेली बातमी. बातमीतले प्रत्येक नाव, प्रत्येक आकडा आणि प्रत्येक उद्गार वहीत सापडत असेल, तर सहल सत्कारणी लागली.